अकरा ढेपींचा दिगू

“अरे थांबा, थांबा! दिगूचं पारडं अजून जमिनीलाच हाय! आणखी एक ढेप आणा!”

गुरवांचा बाबी तराजूच्या दांडीला लोंबकळून बोंबलत होता आणि तू, दिगू, पारड्यात मांडी घालून नवऱ्या मुलासारखा लाजत होतास. समोरच्या पारड्यात गुळाच्या दहा ढेपी चढल्या होत्या. दहा! गावच्या दुकानातला गूळ संपला, दुकानदार हात जोडून उभा राहिला, आणि अकरावी ढेप आणायला कुणीतरी मोटरसायकल काढून शेजारच्या नाचणे गावाला पळालं. तो तराजू कारखान्याला जाणारा कॅनिंगचा आंबा तोलायचा. भर हंगामात त्याने ट्रकचे ट्रक पाहिलेले, पण असा माल नव्हता पाहिला. त्याची साखळी करकरली तेव्हा देवळाचा कळस दोन बोटं कलला. हे मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, कारण बाकी सगळे तुझ्याकडे बघत होते.

अकरावी ढेप आली, पडली, आणि तू जमिनीपासून वीतभर वर उचलला गेलास. बाया ओरडल्या, ढोल वाजला. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, ह्या दिगंबराच्या रक्तातली पांढरी कावीळ तू उतरवलीस, त्याचा देह भरलास, आज त्याच्या आईनं नवस फेडला, तो गोड करून घे म्हाराजा!” सगळ्या गावाने “व्हय म्हाराजा!” केलं, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. माझ्या हातात माझाच माइक होता, मग असणारच.

त्याला तीन वर्षं झाली. आज तू जाऊन बावीस दिवस झाले.

मंडळाने शोकसभा घेतली. मंडप माझा, स्पीकर माझे, खुर्च्या माझ्या. टेनिस बॉलच्या स्पर्धेत बॉल काजूच्या जाळीत हरवला, तर तो सापडेपर्यंत पाऊण तास एकट्याने कॉमेंट्री करणारा मी. त्या दिवशी माइक हातात आला आणि तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं वायर गेली. दोघेजण उठून प्लग बघायला धावले. मी त्यांना बघू दिलं. म्हणून आता हे लिहितोय. तोंडाने सांगता आलं नाही ते कागदावर सरळ उतरेल असं वाटलं होतं, पण दिगू, कागदावरही सगळा गुंताच आहे. नक्की काय झालं तेच मला कळत नाहीये.

आठवतं का, तू सव्वीसचा होतास. एसी-फ्रिजचं काम शिकलेला, सडसडीत, शिडीवरून माकडासारखा चढायचास. आखाताचा व्हिसा आला होता. काकीने, तुझ्या आईने, लोणच्याच्या तीन बरण्या बांधल्या, मी स्टेशनवर जाऊन तुझ्या गळ्यात एवढा मोठा हार घातला की तू दिसेनास, गाडी तुला न घेताच सुटत होती. आणि चौथ्या दिवशी तू मागच्या दाराने माझ्याच घरात हजर. बॅग तीच, बरण्या त्याच. मुंबईला मेडिकलमध्ये रक्त काढलं आणि कागदावर ‘अनफिट’ लिहून तो परत दिला. हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ. तू म्हणालास, “नंदू, मला काही होत नाही रे. दुखत नाही, खुपत नाही. भूक लागते, झोप लागते. मग हे काय आहे?”

मी म्हटलं, “छापण्यात चूक असेल.”

दोन दिवस तू माळ्यावर लपून राहिलास. मी गावात सांगितलं की तुझं विमान वाळूच्या वादळामुळे परत फिरलं. वैमानिकाचं नावसुद्धा सांगितलं. तिसऱ्या दिवशी काकी स्वतः माझ्या दारात आली आणि वर बघून म्हणाली, “दिगू, खाली उतर. लोणचं उतरवून ठेव, नासंल.” तिने ना विमानाचं विचारलं ना वाळूचं.

मग तिने तुला खेडच्या बाजूला नेलं, कावीळ उतरवणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे. त्याने तुझ्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. माळ रोज लांबत जाते आणि माळ उतरली की कावीळ उतरली, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या दिवशी ती तुझ्या बेंबीपर्यंत आली. पाचव्या दिवशी मी तिच्यात पाय अडकून पडलो, असं मी पुढे वीस वर्षं सांगत आलो. खरं सांगायचं तर ती गळ्यापाशीच तुटली होती. पण पथ्य खरं होतं: तेल नाही, मासळी नाही, उसाचा रस, खडीसाखर आणि मऊ भात. तीन महिन्यांत तुझी पन्नास किलोची काठी झाली. बाजारात तुला बघून लोक रस्ता ओलांडायचे. ते बघून काकीने देवळात नारळ ठेवला: “माज्या पोराच्या रक्तातली कावीळ जाऊ दे, अंगानं भरू दे, त्याच्या भारानं गूळ घालीन.”

तेव्हा पाच ढेपींत भागलं असतं.

माळ संपली, पथ्य संपलं, पण गोड काही संपलं नाही. कावीळवाल्याला गोड चालतं, हे काकीच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. आणि बारीक म्हणजे आजारी, भरलेला म्हणजे बरा, हे तर आपल्या सगळ्या वाडीच्या डोक्यात. सकाळी गुळाचा चहा, दहा वाजता खोबरं-गूळ, जेवणात खीर, चारला रस. तू मिरकरवाड्यात बोटवाल्यांचे फ्रीझर दुरुस्त करायला लागलास, धंदा चालला, लग्न झालं, दोन पोरं झाली, आणि दर वर्षी तुझ्या पॅन्टचं एक बटण शहीद व्हायला लागलं. साठ झालास, सत्तर झालास, ऐंशी झालास. प्रत्येक वाढलेल्या किलोला काकी तोंडावर पदर धरून हसायची. तुझं वजन हाच तिचा लॅबचा रिपोर्ट होता.

मनीषा वहिनी तेवढी एकटी उलट्या दिशेने पोहत होती. तिने लग्नाआधीच डॉक्टरला गाठून स्वतःचं रक्त तपासलं, लशी घेतल्या, पोरांना जन्मल्या जन्मल्या टोचून घेतलं. आपल्या गावात एवढी हुशार बाई दुसरी नाही, आणि तिला आम्ही काय म्हणायचो? ‘कडू वहिनी’. नाव मीच ठेवलं होतं. नाचणीची भाकरी आणि पालेभाजी घालते म्हणून. तू तिच्या समोर भाकरी खायचास आणि मागच्या दाराने काकीकडे जाऊन खीर. एकदा मी विचारलं, “अरे, दोन्हीकडे कसं जातं?” तू म्हणालास, “दोघींचं मन राखायला पोट एकच आहे, म्हणून ते मोठं ठेवलंय.”

तू भाट्याच्या समुद्रात पोहायला उतरलास की मांडवीच्या जेट्टीवर पाणी चढायचं. ही माझी जुनी गोष्ट. ती तुला इतकी आवडायची की नवीन माणूस भेटला की तूच मला कोपराने ढोसायचास: “नंदू, ते पाण्याचं सांग.”

आता त्या शनिवारचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

तीन वर्षांपूर्वी वहिनी हट्टाला पेटली. दर शनिवारी कोल्हापूरहून रत्नागिरीला लिव्हरचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवाच. तुला एकट्याला भीती वाटत होती म्हणून मी आलो. तुझे रिपोर्ट आले होते. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, “व्हायरसचा आकडा फारच खाली आहे. मशीनला मोजता येत नाही इतका.” तू टेबलाखाली माझा गुडघा एवढा जोरात दाबलास की तो अजून पावसाळ्यात दुखतो.

“पण थांबा,” डॉक्टर म्हणाले. “तो गेलेला नाही, दबून बसलाय. आणि तुमच्या लिव्हरमध्ये चरबी भरपूर आहे, साखर मधुमेहात शिरलीय. व्हायरस शांत असला तरी चरबी आणि साखर मिळून लिव्हरला आतून कडक करत राहतात. पुढे कॅन्सरची गाठसुद्धा होऊ शकते. वजन उतरवा, गोळ्या घ्या, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त. चुकवायचं नाही.”

मी मध्येच विचारलं. न विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मी कुठे गप्प बसतो? “डॉक्टर, म्हणजे चरबीनेच व्हायरस दाबला की काय?”

डॉक्टर हसले. “काही रुग्णांत तसं दिसतं खरं. लिव्हरमध्ये चरबी असली की व्हायरस कमी सापडतो. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण त्यावर खूश होऊ नका हं. चरबी काही औषध नाही.”

मी त्यातली पहिली दोन वाक्यं उचलली आणि बाकीची दवाखान्यातच ठेवून आलो.

निघता निघता त्यांनी घरच्यांचं विचारलं. बायको-मुलांच्या लशी झाल्यात म्हटल्यावर ते खूश झाले. मग म्हणाले, “आई आहेत का? त्यांची तपासणी कधी झाली?” तू म्हणालास, आईला कशाला? तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं की बऱ्याच जणांना हे जन्माच्या वेळी आईकडूनच लागतं, आईला स्वतःला ते कधी कळतही नाही. तुमच्या बाबतीत तसंच असेल असं नाही, पण त्यांचं रक्त तपासा. त्यांच्यासाठीच.

एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर आपण चहा घेतला. तू पेला हातात धरून बसलास, प्यायला नाहीस. म्हणालास, “नंदू, आईचं रक्त काढायचं नाही. तिच्यात निघालं तर तिला वाटेल की तिनेच मला दिलं. एकोणीस वर्षं ती माझ्या नावाने देवाला नारळ फोडतेय. तिला हे कधीच कळता कामा नये. शपथ घे.”

शपथ डोक्यावर हात ठेवून घेतात. तुझ्या डोक्यापर्यंत पोचायला पोटाचा घाट चढावा लागला असता, म्हणून मी पोटावरच हात ठेवला. तू हसलास. मीही. आणि दिगू, माझ्या अख्ख्या आयुष्यात मी कुणालाही न सांगितलेली ही एकच गोष्ट आहे. बायकोलासुद्धा नाही, नाव बदलूनसुद्धा नाही.

घरी गेल्यावर काकीला आपण एवढंच सांगितलं की व्हायरस मशीनला सापडत नाही. ती देवघरात गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. आणि पुढच्या महिन्यात तुला पारड्यात बसवलं.

त्या दिवशी मी माइकवर काय बोललो ते गावातल्या पोरांना अजून पाठ आहे. “मंडळी, व्हायरसने टॉस जिंकून बॅटिंग घेतली! एकोणीस वर्षं क्रीजवर ठाण मांडून बसला! कुणाला आउट होईना! माळवाल्याला झाला नाही, पथ्याला झाला नाही! आणि मग कॅप्टनने बॉल दिला कुणाच्या हातात? आपल्या दिगूच्या चरबीच्या हातात! आली, धावत आली, ही टाकली, आणि मधली दांडी गुल! व्हायरस गुदमरून ऑल आउट!” लोक गडाबडा लोळले. तू पारड्यातून दोन्ही हात वर केलेस. वहिनी तेवढी हसली नाही. प्रसादाचा गूळ तू तोंडात टाकत होतास, तो तिने तुझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी तेव्हा थट्टेवारी नेली.

पुढे ती गोष्ट मी प्रत्येक स्पर्धेत सांगितली. हातखंब्याला सांगितली, मालगुंडला सांगितली, दोन लग्नांत अक्षता पडायच्या आधी सांगितली. दर वेळी व्हायरस थोडा मोठा होत गेला आणि तुझी चरबी आणखी शूर. शेवटी शेवटी तर बारीक पोरांच्या आया तुला विचारायला यायच्या, काय घालू म्हणून. तू सांगायचास, “गूळ.”

मला आता दोन फोन आठवतात. पहिला तू केलास एका शुक्रवारी. “उद्या सोनोग्राफीची तारीख आहे रे, येतोस का?” माझ्याकडे दुसऱ्या दिवशी फायनल होती. मी म्हटलं, “कशाला जातोस? ज्याला आउट केलंय त्याची परत विकेट घेतोस काय? फायनलला ये, स्टेजवर बसवतो.” तू आलास. स्टेजवर बसलास, बक्षीस दिलंस, बटाटेवडे खाल्लेस. दुसरा फोन सहा-सात महिन्यांनी. तेव्हा तू ‘येतोस का’ असंसुद्धा विचारलं नाहीस. म्हणालास, “उद्या तारीख आहे, पण नाही जात. व्हायरस ऑल आउट आहे ना?” मी हसलो. तिसऱ्या वेळी फोन आलाच नाही. गोळ्या तू घेत होतास की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. वहिनी म्हणते, कधी घ्यायचे, कधी नाही.

गेल्या दिवाळीत तू बारीक दिसलास. सगळ्यांनी कौतुक केलं. मी म्हटलं, “कडू वहिनीने शेवटी मॅच जिंकली!” वहिनी आत निघून गेली. नंतर कळलं, तिने तोवर तुझी सोनोग्राफी करून आणली होती. गाठ होती, एक नाही, दोन. आणि लिव्हर दगडासारखं झालं होतं. तरी व्हायरसचा आकडा? तो होता तसाच, खाली. पुढच्या शनिवारी मी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटून विचारलं, “आकडा खाली असताना हे झालं कसं?” त्यांनी कागद सरळ केला आणि म्हणाले, “तुम्ही तेव्हा इथेच बसला होतात ना?”

होतो. तिथेच बसलो होतो.

शेवटच्या आठवड्यांत तुझे हात-पाय काटक्यांसारखे झाले आणि पोटात पाणी भरलं. मी रोज यायचो, गोष्टी सांगायचो. मिऱ्याच्या बंदरात फ्रीझरमध्ये अडकलेल्या सुरमईने आतून दार वाजवलं, ती गोष्ट तुला आवडायची. एका सकाळी मी ती सांगत असताना तू मला थांबवलंस.

“नंदू, आता किती ढेपींचा असेन रे?”

मी ज्याला ज्याला तुझं वजन सांगितलं त्याला दुप्पट करून सांगितलं, आणि त्या दिवशी एक आकडा सुचला नाही. मग तूच म्हणालास, “एकदा ठरव रे. चरबीने मला वाचवलं की मारलं? तू कॉमेंटेटर ना?”

मी म्हटलं, “थर्ड अंपायरकडे दिलंय.” तू डोळे मिटून हसलास. ते उत्तर तसंच राहिलं.

तू गेल्यावर पहिल्या शनिवारी मी परत त्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर लावून, पेशंटसारखा. हातात तुझी फाइल. मी म्हटलं, “डॉक्टर, मला स्कोअर भरायचाय. विकेट कुणाच्या नावावर लिहू? व्हायरसच्या? चरबीच्या? साखरेच्या? गुळाच्या? की माझ्या?” त्यांना मी वेडा वाटलो असणार. पण ते चिडले नाहीत. म्हणाले, एकाच्या नावावर लिहिता येत नाही. व्हायरस दबलेला होता, हे खरं. चरबी असताना तो दबलेला दिसतो, हेही खरं. आणि लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या व्हायरसवाल्याला गाठीचा धोका वाढतो, हे तर अगदी खरं. मी म्हटलं, पण दुसरं आणि तिसरं एकमेकांच्या उलट आहे ना? ते म्हणाले, “उलट वाटतं. आम्हालाही वाटतं. म्हणून तर तपासत राहायचं असतं.” मी विचारलं, तू वेळेवर आला असतास तर? “कदाचित गाठ लहान असताना सापडली असती. कदाचित.”

हे ‘कदाचित’ मी खिशात घालून घरी आणलंय, दिगू. ते कुठे ठेवू ते कळत नाही. चुलते म्हणतात, दारू नव्हती, तंबाखू नव्हती, मग लिव्हर जाईल कशाने, कुणीतरी करणी केली. वाडीतले म्हणतात, बारीक झाला म्हणून गेला, भरलेला होता तोवर ठणठणीत होता. मी काय सांगू त्यांना? माझीच गोष्ट आता गावात माझ्याशिवाय फिरतेय. परवा एक बाई म्हणाली, “चरबी उतरली आणि व्हायरसनं डाव साधला.” तिने ते माझ्याच सुरात सांगितलं.

आणि काकी. काकीने घरातला गूळ बाहेर नेऊन गाईला घातला. चहात आता साखर नाही, गूळ नाही, नुसतं काळं पाणी पिते. तेराव्याला पानात गोड वाढलं तर पान सरकवून उठली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “नंदू, खरं सांग. माज्या गुळानं गेला काय रे?” मी म्हटलं, नाही काकी, तसं काही नसतं. माझं खोटं तिला लांबून वास येतो तसं कळतं, हे तुलाही माहीत आहे.

मग वहिनीने मला बोलावलं. डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं की तुझ्या आईचं रक्त तपासायलाच हवं. तिच्यात असेल तर तिच्या लिव्हरकडे लक्ष ठेवता येईल; असं किती वर्षं आत बसलेलं असेल कुणास ठाऊक. वहिनी म्हणाली, “भावजी, माझं त्या ऐकणार नाहीत. त्यांना न दुखवता न्यायचं. तुम्ही काहीतरी सांगा. तुम्हाला सुचतंच.”

तिला शपथेचं माहीत नव्हतं. मी तुझ्या पोटावर ठेवलेला हात मला त्या क्षणी जड झाला. नाही नेलं तर काकीचं रक्त तसंच राहणार. नेलं आणि निघालं, तर ती म्हणणार, गूळ राहू दे, मी जन्म दिला तेव्हाच दिलं. तुला विचारायला यावं तर तू नाहीस. शेवटी मी ठरवलं की शपथही मोडायची नाही आणि काकीला न्यायचंही. म्हणजे थाप मारायची. आयुष्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात भली.

काल दुपारी गेलो. काकी पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी पाटावर बसलो आणि सुरुवात केली. म्हटलं, काकी, सरकारने नवीन योजना काढलीय. सत्तरीच्या वरच्या सगळ्या आज्यांची शुगर फुकट तपासतायत. रत्नागिरीत अशी गर्दी लोटलीय की काय सांगू, जयस्तंभापर्यंत रांग! केळशीच्या एका म्हातारीची शुगर इतकी चांगली निघाली की तिला शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. नुसतं बोटभर रक्त घेतात, वर चहा-बिस्कीट. तुमचं नाव मी घालून आलोय. शनिवारी गाडी आणतो, एसीची, तुम्हाला पुढे बसवतो. तिथली सुईसुद्धा इतकी बारीक आहे म्हणतात की टोचणारीलाच दिसत नाही, चष्मा लावून शोधावी लागते.

बोलता बोलता मलाच जरा बरं वाटायला लागलं. पुष्कळ दिवसांनी आवाज मोकळा लागत होता. मी शाल-श्रीफळावर आणखी एक टोपी-सदरा चढवणार होतो. काकीने एक रातांबा फोडला, बी बाजूला टाकली, साल सुपात ठेवली. दुसरा घेतला. माझ्याकडे वर बघितलं नाही.

“त्याला माज्याकडनं लागलं काय ते बघायचं हाय, तर तसं सांग की,” काकी म्हणाली. “शनिवारी येते. उपाशी यायचं काय, तेवढं इचारून ठेव.”